कण्याचा कागद

फ्रोसोने वही आणली ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
आजोबांच्या दुकानाची खातेवही, म्हणाली,
पानं सुटतायत, बघ काही होतंय का.
एर्मूपोलीत पुस्तकं बांधणारी मी एकटीच उरले आहे,
त्यामुळे घासाघीस कुणी करत नाही
आणि उशीरही माफ करतात.

आधी वाचली. वाचू नये, असं मास्तर पांतेलिस सांगायचे:
न्हाव्याने केसांपुरतं बघावं, डोक्यात शिरू नये.
तरी वाचली.
मार्कूला विणकरीण, अर्धी ओका अंजिरं: चाळीस हजार.
चार पानांपुढे तीच मार्कूला, तीच अंजिरं: नऊ लाख.
आकडे रकान्यात मावेनात
म्हणून आजोबांनी वही आडवी धरली आहे.
मग ऑक्टोबरात आकडेच संपतात.
मार्कूला: अंजिरं नेली. पायमोजे दिले, एक जोड.
डॉक्टर: तेल नेलं. काही दिलं नाही.
या ओळीखाली दोन रेघा.

कण्यावर खळ चोपडली, ओलं फडकं टाकलं
आणि दाराशी जाऊन उभी राहिले.
जुना सरस आपल्या वेळेने सुटतो. घाई केली
की कागद कातडीसारखा सोलून येतो.
परत आले, फडकं उचललं,
तर खालून एक डोळा.

मग नाक. मग केस, केसांत लव्हाळ्याची पाती,
मानेशी डॉल्फिन.
आरेथूसा. पन्नास लाख द्राख्मा.
अशा अकरा, एकीवर एक.
चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात ज्याने ही वही शिवली
त्याला कण्याला लावायला साधा कागद मिळाला नसेल.
नोटा मात्र पैशाला पासरी.

नदी मागे लागली म्हणून ती पळाली होती,
पळता पळता पाणी झाली,
समुद्राच्या पोटातून पार सिसिलीत जाऊन वर आली.
तिथल्यांनी तिला चांदीत कोरली, घट्ट,
दातांखाली धरली तरी वाकणार नाही अशी.
दोन हजार वर्षं आणि वर काही
ती निवांत होती.
मग बँकेत कुणालातरी तिची आठवण झाली
आणि बाई पुन्हा धावायला लागली.
या खेपेला मागे नदी नव्हती,
पूज्यं होती.
पन्नास लाखांवर सहा. दहा अब्जांवर दहा.
कुणीच न पूजलेली पूज्यं.
शेवटी सरकारच म्हणालं, जुन्या पन्नास अब्ज द्या,
नवी एक घ्या.
तेव्हा कुठे थांबली. इथे, शिलाईच्या दोऱ्यांवर,
तोंड आत करून.

ओल्या कागदात ती काही वाईट दिसत नव्हती.
पाणी तिला नवं नाही.
माझं नाव कल्लिरोई, म्हणजे छान वाहणारी,
पण बापाने ते झऱ्यावरून नाही ठेवलं,
त्याला दोनदा उधार देणाऱ्या आत्यावरून ठेवलं.

फ्रोसोला फोन केला. नोटा निघाल्यात कण्यातून.
किती?
साडेपाच कोटी.
पलीकडे बराच वेळ फक्त फेरीबोटीचा भोंगा.
मग ती हसली, हसता हसता खोकली.
वही उभी राहत होती ना त्यांच्यावर?
राहत होती. ऐंशी वर्षं.
मग लाव परत तिथेच.

लावल्या. टीपकागदात वाळवून, ताज्या खळीने,
एकीवर एक. सगळ्यात वरची मात्र
तोंड बाहेर करून. हे फ्रोसोला सांगितलं नाही,
पुठ्ठ्याखाली कोण बघतंय.

तिने वीस-वीसच्या दोन नोटा दिल्या.
सवयीने खिडकीशी धरल्या: कोऱ्या जागेतून
हळूच वर आली युरोपा.
हिला पळताही आलं नव्हतं. बैल पाठीवर घेऊन गेला.
पैशावर छापायला आम्हाला
अशाच बायका का सापडतात, कोण जाणे.

बोटांत चुरगाळून पाहिली एक.
कापसाचा कागद. चिवट.
कण्याला चालेल.